दांडी अर्धी, गाडी अर्धी: पिकअपवर सीबी अँटेना बसवणं आणि ट्यून करणं

नवा सीबी सेट (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचा वायरलेस) घेतला की माणूस अँटेनाची दांडी निवडण्यात आठवडा घालवतो आणि ती गाडीवर पंधरा मिनिटांत ठोकून मोकळा होतो. मग माइक दाबतो, तर आवाज पुढच्या वळणापर्यंतही पोचत नाही. दोष दांडीवर जातो, नवी दांडी येते, ती पण त्याच गंजक्या ब्रॅकेटवर चढते आणि रडगाणं पुन्हा सुरू होतं.

मुळात दांडी हा अँटेनाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या खालचं आणि आजूबाजूचं लोखंड: टप, बॉनेट, हौदा, चासी. दांडीत जेवढा करंट वर चढतो तेवढाच या पत्र्यात पसरावा लागतो. त्याला पसरायला जागा मिळाली नाही की महागातली दांडीही पत्र्याच्या डब्यात खोचलेल्या काडीसारखी वागते. पुढच्या बहुतेक पायऱ्या गाडीच्या याच अर्ध्या भागासाठी आहेत.

लांबीचं गणित

सीबीचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बसतात. इथे लहरीची लांबी साधारण ११ मीटर, म्हणून पाव लहरीची दांडी पावणेतीन मीटरच्या आसपास येते. जुनी, साधी आणि अजूनही उत्तम अशी १०२ इंची स्टीलची व्हिप (बारीक लवचिक सळई) खाली ६ इंची स्प्रिंग लावून याच हिशेबात बसते. पण एवढी उंच दांडी प्रत्येक झाडाला आणि कमानीला सलाम ठोकत जाते, म्हणून बहुतेक लोक दीड-दोन मीटरपर्यंतची दांडी घेतात. तिच्यात तारेची कॉइल गुंडाळून कमी पडलेली लांबी भरून काढलेली असते. कॉइल बुडाशी, मध्ये किंवा शेंड्याकडे असू शकते. पिकअपसाठी माझं मत शेंड्याकडे कॉइल असलेल्या चार-पाच फुटी फायबरग्लासच्या दांडीला. दांडी हौद्यावर बसली तरी कॉइल टपाच्या वर राहते आणि केबिनच्या आडोशाला जात नाही.

दांडी जितकी आखूड तितका तिचा नीट चालण्याचा पट्टा अरुंद. दोन फुटी दांडी एका चॅनलवर छान जुळेल, पण दोन्ही टोकांना बिघडेल. ट्यून करताना हे लक्षात असू द्या.

जागा ठरवणं

पाने-पकडी बाहेर काढण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारा: इथून चारही बाजूंना लोखंड किती पसरलंय?

सगळ्यात चांगली जागा टपाचा मध्य. चारही दिशांना पत्रा सारखा, त्यामुळे आवाजही सगळीकडे सारखा जातो. अडचण भोक पाडण्याची. पक्क्या माउंटला साधारण १९ मिलिमीटरचं भोक लागतं. आतलं छताचं कापड उतरवून दिव्याच्या वायरी आणि बाजूच्या एअरबॅग कुठून जातात ते आधी बघावं लागतं. हात थरथरत असेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

चुंबकाचं बूड ही पळवाट आहे आणि वाटते तितकी वाईट नाही. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर असतो, तो कपॅसिटरचं काम करतो आणि रेडिओ लहरींना वाट मिळते. मात्र चुंबक पत्र्याला चिकटतो का, ते आधी तपासा. काही नव्या पिकअपची बॉडी अॅल्युमिनियमची असते. २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डची एफ-१५० तशी येते. तिथे चुंबक सरळ घसरून खाली येईल.

हौद्याच्या काठावर, केबिनच्या मागच्या कोपऱ्यात ब्रॅकेट लावणं हा बहुतेकांचा मार्ग. सोपा, भोकं लहान, केबल आत न्यायला जवळ. पण आवाज सगळीकडे सारखा जात नाही. ज्या दिशेला लोखंड जास्त पसरलंय त्या दिशेला तो जास्त जातो. डाव्या मागच्या कोपऱ्यात दांडी असेल तर जोर उजव्या पुढच्या बाजूला. रस्त्यावरच्या बोलण्याला हे चालतं. केबिनच्या मागे चिकटून लावू नका, जमेल तितकं अंतर ठेवा, आणि दांडीचा निदान वरचा दोन तृतीयांश भाग टपाच्या वर येऊ द्या.

बॉनेटच्या कडेला पकडीने लावायचं ब्रॅकेटही मिळतं. भोक न पाडता काम होतं, फक्त बॉनेट चासीला नीट जोडलेलं आहे ना हे पाहावं लागतं, कारण बिजागरीवर भरवसा नसतो. मागच्या बंपरवर मात्र दांडी लावू नका. अर्धी दांडी हौद्याच्या पत्र्यामागे लपते, आणि ती कितीही जुळवली तरी समाधान देत नाही.

दोन्ही बाजूंना दोन अँटेना लावल्या की गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण दोन दांड्यांचा खरा फायदा मिळायला त्यांच्यात साधारण पाव लहरीचं, म्हणजे पावणेतीन मीटरचं अंतर लागतं. पिकअप तेवढी रुंद नसते. नवख्याने एकच लावावी आणि नीट लावावी.

सामान

दांडी आणि तिच्या आट्यांना जुळणारं ब्रॅकेट (बहुतेकांचे आटे ३/८ इंच जाडीचे, इंचाला २४), ५० ओमची कोअॅक्स केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली), एसडब्ल्यूआर मीटर (पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत येते ते दाखवणारा; आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला) आणि त्याला जोडायला एक हातभर केबल, मल्टिमीटर, दातेरी वायसर, चपट्या विणीची तांब्याची पट्टी, पॉलिश पेपर, ग्रीस, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. लांब दांडीला स्प्रिंग लावणार असाल तर ती आत्ताच लावा. स्प्रिंगचीही लांबी मोजली जाते. ट्यून केल्यावर लावली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

ब्रॅकेट आणि अर्थिंग

ब्रॅकेट जिथे टेकणार तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. नव्या गाडीचा रंग खरवडताना जीव खालीवर होतो. मीही पहिल्या वेळी बोल्टच्या आट्यांतून अर्थ मिळेल अशी मनाची समजूत घालून रंग तसाच ठेवला होता. दोन रविवार दांडी खालीवर करण्यात गेले. शेवटी नाण्याएवढी जागा घासली आणि मीटरचा काटा एकदम खाली आला. घासलेल्या जागेवर दातेरी वायसर ठेवून बोल्ट आवळा आणि मग बाहेरून ग्रीस किंवा रंग लावून जागा बंद करा. उघड्या लोखंडावर गंज बसतो, आणि गंज वीज नीट वाहू देत नाही.

ब्रॅकेट हौद्याला जोडलं गेलं. पण हौदा कशाला जोडलाय? केबिन चासीवर रबराच्या बुशवर बसलेली असते. हौद्याचे बोल्ट रंग आणि गंजातून चासीला पोचतात. फाळका तर नुसता बिजागरीवर लटकतो. म्हणजे डोळ्यांना एकसंध दिसणारी गाडी रेडिओला तीन-चार सुटे तुकडे वाटू शकते. म्हणून हौदा ते चासी आणि केबिन ते चासी अशा निदान दोन पट्ट्या जोडा. बॉनेटवर अँटेना असेल तर बॉनेट ते बॉडी अशी एक.

पट्टी चपटी, रुंद आणि शक्य तितकी आखूड हवी. साधी गोल वायर का चालत नाही? मल्टिमीटर तिला शून्य ओम दाखवतो, पण तो डीसी करंटचा शून्य आहे. २७ मेगाहर्ट्झला एक फूट साध्या वायरीचाच अडथळा पन्नासेक ओमच्या घरात जातो. शिवाय या फ्रिक्वेन्सीला करंट धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून जास्त पृष्ठभाग असलेली विणीची पट्टी उपयोगी पडते.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. दांडीच्या बुडाचा आट्यांचा बोल्ट, म्हणजे स्टड, ब्रॅकेटच्या भोकातून जातो, पण तो ब्रॅकेटला कुठेही शिवता कामा नये. त्यासाठी कॉलर असलेला प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा वायसर येतो. त्याची कॉलर भोकात नीट बसली पाहिजे. स्टडला केबलची मधली तार, ब्रॅकेटला केबलची जाळी, आणि दोघांच्या मध्ये तो वायसर. तो उलटा बसला, तडकला किंवा डब्यातच राहिला, तर अँटेना बुडाशीच शॉर्ट. बोल्ट आवळताना जोर केला तरी तो फुटतो, तेव्हा पाना बेताने फिरवा.

केबल आत नेणं

एका अँटेनासाठी ५० ओमची आरजी-५८ किंवा थोडी जाड आरजी-८एक्स घ्या. आरजी-५९ दिसायला तशीच असली तरी ७५ ओमची असते आणि ती दोन अँटेनांच्या जोडणीसाठी वापरतात. घरात पडलेली टीव्हीची केबल वापरण्याचा मोह आवरा.

केबल १८ फुटांचीच हवी, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ५० ओमचा अँटेना नीट जुळलेला असेल तर केबलच्या लांबीने फारसं बिघडत नाही. लांबी बदलल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल, तर केबलची जाळीच अँटेनाचं काम करते आहे आणि गाडीचं अर्थिंग कच्चं आहे, एवढाच त्याचा अर्थ. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून सीटखाली दडपू नका. हातभर लांबीचा सैल आठचा आकडा करून बांधा.

केबिनमध्ये नेताना दाराच्या फटीतून चेपून नेऊ नका. चेपलेल्या केबलमध्ये मधली तार हळूहळू सरकते आणि काही महिन्यांनी जाळीला भिडते. केबिनच्या मागच्या किंवा तळाच्या भोकातून रबरी ग्रोमेट घालून न्या. आत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जाईल. एअरबॅगच्या वायरींपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा.

सेटची वीज शक्यतो थेट बॅटरीवरून घ्या. प्लस वायरीला बॅटरीजवळच फ्यूज लावा, सेटच्या पुस्तिकेत लिहिलाय तेवढाच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरूनही सेट चालतो, पण इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ बहुतेक वेळा तिथूनच आत शिरते.

माइक दाबण्याआधी

सेटपासून केबल सुटी ठेवून मल्टिमीटरने तीन तपासण्या करा.

प्लगची मधली पिन आणि दांडीचा स्टड यांच्यात बीप यायला हवा.

प्लगची बाहेरची कडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यातही बीप हवा, रीडिंग एक ओमच्या आत.

मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात बीप यायला नको. आला तर दांडी काढून पुन्हा बघा. दांडी काढल्यावर बीप गेला, तर काही अँटेनांची कॉइल रचनेनेच अर्थला जोडलेली असते आणि त्यात दोष नसतो. दांडी काढूनही बीप राहिला, तर तो नायलॉनचा वायसर नाहीतर प्लगमधली सुटी तार.

हे झाल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका. शॉर्ट किंवा अर्धवट जोडलेल्या अँटेनावर बोललात तर सेटचे शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर तापून जातात.

ट्यून करणं

गाडी मोकळ्या मैदानात न्या. भिंत, शेड, झाड, दुसरी गाडी निदान दहा-बारा मीटर लांब हवी, आणि डोक्यावर विजेच्या तारा नकोत. दारं, बॉनेट, फाळका बंद. दांडीजवळ कोणी उभं नको. माणसाच्या शरीरानेही काटा हलतो, आणि चालू अँटेनाला हात लागला तर चटका बसतो. हौद्यात नेहमी काही असतं का? पेटी, शिडी, जास्तीचं चाक? नेहमी असतं तर ते ठेवूनच ट्यून करा. दांडीच्या टोकावरची टोपी असेल तर तीही लावलेलीच असू द्या.

मीटर सेट आणि अँटेना यांच्यामध्ये जोडा. ट्रान्समीटरची बाजू सेटकडे, अँटेनाची बाजू दांडीकडे. चॅनल मोकळा आहे ना ते ऐकून घ्या. चॅनल ९ आणीबाणीसाठी राखलेला असतो, तिथे चाचणी करू नका. १९ वर ट्रकवाल्यांची वर्दळ असते, म्हणून मधल्या रीडिंगसाठी मी २० घेतो.

चॅनल १ वर या, सेट एएम या नेहमीच्या पद्धतीवर ठेवा. मीटरचं बटण फॉरवर्डवर. माइक दाबा, काही बोलू नका, आणि कॅलिब्रेशनची चावी फिरवून काटा सेटच्या खुणेवर आणा. माइक दाबलेला असतानाच बटण एसडब्ल्यूआरवर टाका, आकडा वाचा, माइक सोडा. पाच-सात सेकंदांचं काम. हेच चॅनल २० आणि ४० वर. प्रत्येक चॅनलवर कॅलिब्रेशन नव्याने करायचं, हे विसरलं की आकडे खोटे येतात. तिन्ही आकडे कागदावर लिहा.

कुठल्याही चॅनलवर आकडा ३ च्या वर असेल तर थांबा आणि अर्थिंगकडे परत जा. ३ म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली २५ टक्के परत येते. २ ला ११ टक्के, १.५ ला फक्त ४. म्हणूनच १.५ वरून १.१ वर आणण्यासाठी दिवस घालवण्यात अर्थ नाही. ऐकणाऱ्याला तो फरक कळतही नाही. २ च्या खाली सेट सुरक्षित, मध्यावर १.५ च्या खाली आलात की काम चांगलं झालं.

आता वाचन. चॅनल ४० चा आकडा चॅनल १ च्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर दांडी लांब आहे, आखूड करा. चॅनल १ चा मोठा असेल तर दांडी आखूड आहे, लांब करा. वरच्या चॅनलची फ्रिक्वेन्सी जास्त, म्हणजे लहर आखूड. तिथे त्रास होतोय म्हणजे दांडी तिच्या मानाने मोठी, असं मनात धरलं की नियम पाठ करावा लागत नाही.

समजा तुम्हाला १.४, १.९ आणि २.५ असे आकडे मिळाले. दांडी लांब आहे. फायबरग्लासच्या दांडीच्या शेंड्याला स्क्रू असतो, तो एक-दोन फेरे आत फिरवा. स्टीलच्या व्हिपला बुडाशी अॅलन कीचा स्क्रू असतो. तो सैल करून व्हिप किंचित आत सरकवा. प्रत्येक वेळी पुन्हा तिन्ही चॅनल मोजा. थोड्या फेऱ्यांनी १.६, १.३, १.६ असं काही दिसू लागेल. चॅनल १ आधीपेक्षा थोडा बिघडला तरी दोन्ही टोकं सारखी झाली, आणि साधायचं होतं ते हेच.

व्हिप पूर्ण आत सरकूनही लांबच वाटत असेल तर कापावी लागते. एका वेळी तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. कापलेलं टोक परत जोडता येत नाही, आणि घाईत एकदम बोटभर कापणारे पुष्कळ भेटतात. कापल्यावर टोक घासून गोल करा.

आकडा हलतच नसेल तर

दांडी कितीही खालीवर केली तरी तिन्ही चॅनल सारखेच वाईट राहत असतील, तर दांडीला हात लावणं थांबवा. गाडीचा अर्धा भाग गैरहजर आहे. मोठी जंप केबल घेऊन ब्रॅकेट आणि चासीचा घासलेला भाग तात्पुरता जोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच हलला तर पट्टी कुठे हवी ते कळलं. तसंच, माइक दाबलेला असताना दुसऱ्या कोणी केबिनच्या आत केबल मुठीत धरली आणि काटा हलला, तर करंट जाळीवरून परत येतोय. दोन्हींचं मूळ एकच.

सगळं नीट असूनही दांडी फार आखूड दाखवत असेल, तर स्प्रिंग लावून बघा. तेवढ्याने पुष्कळदा भागतं. गाडीची बॉडी फायबरची असेल तर मात्र पट्ट्यांनी काही होणार नाही. तिथे ग्राउंड प्लेन (खालच्या पत्र्याचा आधार) न लागणारा अँटेनाचा संच, त्याच्याच केबलसह घ्यावा लागतो.

आणि उलटा धोकाही ओळखा. आकडा १.१ आला म्हणून आवाज लांब जाईल असं नाही. अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती नुसती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) जोडला तर मीटर सुंदर १ दाखवतो आणि आवाज गाडीबाहेरही जात नाही. गंजलेला सांधा किंवा ओली केबलही शक्ती उष्णतेत घालवून मीटरला खूश ठेवते. खरी परीक्षा दुसऱ्या गाडीतल्या माणसाशी बोलण्यात आहे: मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूहळू चारही दिशांना वळवा आणि तो कुठल्या दिशेला तुम्हाला नीट ऐकतो ते विचारा.

सेटची शक्ती वाढवून ही उणीव भरून काढायचा विचार करू नका. अमेरिकेत एएमवर ४ वॉट आणि एसएसबी या दुसऱ्या पद्धतीवर १२ वॉटची मर्यादा आहे. इतर देशांचे आपापले नियम आहेत, ते बघूनच सेट निवडा.

बंद करताना

मीटर आणि जोडकेबल काढा, प्लग हाताने घट्ट करा, बाहेरच्या सांध्यावर रबरी टेप ताणून गुंडाळा. शेंड्याचा स्क्रू लॉकनटने आवळा आणि त्यानंतर एकदा पुन्हा मोजा, कारण आवळताना तो फिरतो. दांडीची जमिनीपासूनची पूर्ण उंची टेपने मोजून घ्या, म्हणजे कमी उंचीची कमान आली की अंदाज बांधावा लागणार नाही. तिन्ही आकडे, तारीख आणि ती उंची कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पावसाळा उलटला की परत मोजा. आकडे सरकलेले दिसले तर दांडीला हात लावण्याआधी ती नाण्याएवढी घासलेली जागा उघडून बघा.